परत फोन करण्याचं काम

"पुण्यात एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण, झालंय. पूर, भूकंप अशा वेळी मदत पोचवणाऱ्या एका संस्थेनं 'कम्युनिटी फीडबॅक ऑपरेटर' या पदासाठी मुलाखतीला बोलावलंय. हे कॉल सेंटरच आहे का? दिवसभर नक्की काय करायचं असतं? आणि रोज लोकांचं दुःख ऐकणं मला झेपेल का?" असा तुमचा प्रश्न आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, तेव्हा पुण्यातल्या एका ऑफिसात हेडफोन लावून मी या कामातला पहिला फोन उचलला. तेव्हापासून याच कामात आहे आणि गेली काही वर्षं नवे ऑपरेटर तयार करते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काम असं असतं. मदत मिळालेल्या किंवा न मिळालेल्या माणसाचं म्हणणं ऐकायचं, ते त्याच्या शब्दांत लिहून घ्यायचं, ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्यापर्यंत पोचवायचं आणि उत्तर घेऊन त्या माणसाला परत फोन करायचा. पहिल्या तीन गोष्टी बऱ्याच ठिकाणी होतात. चौथी राहून जाते. फोन घेतला, नोंद झाली, नंबर दिला, आणि पुढे त्या बाईला कोणी काही कळवलंच नाही, असं मी फार ठिकाणी पाहिलंय. मुलाखतीत तुम्हाला आवाज, टायपिंग, भाषा याबद्दल विचारतील. ते लागतंच. पण मी माणूस निवडायला बसते तेव्हा हा परत फोन करेल का, एवढं एक मुख्यतः बघते.

कॉल सेंटरशी तुलना सगळेच करतात, कारण खुर्ची, हेडफोन, स्क्रीन सगळं सारखं दिसतं. तिथला ग्राहक पैसे भरून आलेला असतो. नाही पटलं तर दुसऱ्या कंपनीकडे जातो. आपल्याला फोन करणारीला दुसरीकडे जायला जागा नसते. ज्यांनी तांदूळ दिले त्यांनाच तांदूळ खराब आहेत हे सांगायचं, आणि उद्या परत त्यांच्याच रांगेत उभं राहायचं, याला तिला धीर गोळा करावा लागतो. शिरोळ तालुक्यातल्या एका काकांनी मला फोनवर सांगितलं होतं, "गरजवंताला अक्कल नसते ताई, जे दिलं ते घेतलं." पाच मिनिटं ते आभारच मानत होते. मी विचारलं, "काका, ताडपत्री पुरली का?" थोडं थांबून म्हणाले, "पुरली की. म्हातारीपुरती पुरली. आम्ही देवळात झोपतो." घरात सात माणसं आणि ताडपत्री एक. तोपर्यंत त्यांनी एक शब्दही तक्रारीचा काढला नव्हता.

म्हणून पहिली गोष्ट शिका. 'तक्रार' हा शब्द तुमच्या तोंडून शक्यतो येऊ देऊ नका. लोक म्हणतात, "तक्रार नाही हो, फक्त कानावर घालायचं होतं." तक्रार म्हटलं की त्यांना पोलीस स्टेशन, सरपंच, गावातला वाकडेपणा आठवतो. आम्ही पोस्टरवरचा 'तक्रार निवारण क्रमांक' काढून 'काही सांगायचंय? विचारायचंय?' असं लिहिलं आणि खाली एक ओळ टाकली: 'सांगितलं म्हणून मदत बंद होत नाही.' तीच ओळ फोनच्या सुरुवातीलाही म्हणायची. माझं सुरुवातीचं बोलणं अजून तेच आहे: "नमस्कार, मी अमुक संस्थेतून बोलतेय. या फोनला तुमचे पैसे लागत नाहीत. नाव सांगायचं नसेल तर नका सांगू. आमच्या माणसाबद्दल काही सांगायचं असेल तरी बोला, तुमची मदत थांबणार नाही." वीस सेकंद लागतात. घाईत हे गाळलं की पुढचा सगळा फोन वरवरचा होतो.

ही पद्धत आली कुठून, तेही थोडक्यात सांगते, कारण मुलाखतीत विचारतात. २००२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासितांच्या छावण्यांमधून असं बाहेर आलं की मदत वाटणारी काही माणसंच धान्याच्या बदल्यात बायका-मुलींचं शोषण करत होती. त्या बायकांना सांगायला जागाच नव्हती, कारण सांगायचं ते त्याच माणसांना. त्यानंतर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी याबद्दल कडक नियम काढले. पुढे २०१४ मध्ये जगभरच्या मदत संस्थांनी मिळून 'कोअर ह्युमॅनिटेरियन स्टँडर्ड' नावाचं मानक तयार केलं. त्यात नऊ वचनं आहेत आणि पाचवं वचन तक्रारींबद्दलचं आहे. २०२४ मध्ये हे मानक सुधारलं, तेव्हाही पाचव्या जागी तेच राहिलं: लोकांना निर्धास्तपणे आपली चिंता आणि तक्रार मांडता आली पाहिजे आणि तिची दखल घेतली गेली पाहिजे. तुमची खुर्ची या वचनासाठी ठेवलेली आहे. मुलाखतीला जाण्याआधी ती नऊ वचनं एकदा नीट वाचा.

आता लिहून घेण्याबद्दल. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी चूक याच जागी झाली.

२०१९ च्या त्या पहिल्याच महिन्यात एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, भाताला फिनेलचा वास येतोय, पोरं तोंडात धरेनात." आमच्या एक्सेलच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, त्यात यादीतून प्रकार निवडायचा. मी 'धान्य – दर्जा खराब' निवडलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'तांदळाचा दर्जा निकृष्ट असल्याची तक्रार.' शुद्ध, ऑफिसला शोभणारं वाक्य. ते खरेदी विभागाकडे गेलं. त्यांनी पुरवठादाराकडचा नमुना तपासला, तांदूळ उत्तम होता. तक्रार बंद झाली. दोन आठवड्यांत असे अकरा फोन आले, तीन ऑपरेटरांनी घेतले आणि तिघींनीही 'दर्जा खराब' असंच नोंदवलं. मग गावातून फिरून आलेला एक कार्यकर्ता सहज बोलला की पोतं उघडलं की फिनेलचा भपकारा येतो. तेव्हा उलगडलं. एकाच पोत्यात खाली तांदूळ आणि वर सफाईची फिनेलची बाटली भरली जात होती, आणि ट्रकमध्ये पोती आडवी पडली की बाटल्या गळत होत्या. बाटली वेगळ्या पिशवीत घातली आणि प्रश्न एका दिवसात संपला. त्या बाईंनी पहिल्याच वाक्यात उत्तर दिलं होतं. मी 'फिनेल' हा शब्द खोडून 'निकृष्ट' लिहिला. मधल्या दोन आठवड्यांत तसली पोती किती घरांत गेली याचा हिशोब मी नंतर केला, आणि त्या अकरा जणींना मी स्वतः फोन केले.

तेव्हापासून माझ्या टीममध्ये नियम आहे: आधी माणसाचं वाक्य जसंच्या तसं, त्याच्या बोलीत, मग रकाना. 'येगळं', 'हाय', 'न्हाई' सगळं तसंच लिहायचं. देवनागरी टायपिंग पटपट जमलं पाहिजे ते यासाठी. इंग्रजीत भाषांतर करून लिहायला लावणारी ऑफिसं असतात. तिथे निदान मूळ वाक्य शेजारच्या रकान्यात ठेवायचा आग्रह धरा. वरिष्ठांना शुद्ध अहवाल हवा असतो हे खरं आहे, तो नंतर बनवता येतो. गेलेला शब्द परत आणता येत नाही.

दुसरी एक नोंद सांगते, ती बरोबर लिहिली गेली म्हणून कामाला आली. तीही शिरोळ तालुक्यातलीच. आमच्या याद्या रेशनकार्डावरून केल्या होत्या, एका कार्डाला एक किट. एका आजींचा फोन आला. "बाळ, माझी चूल येगळी हाय. कार्ड पोराच्या नावावर हाय, त्येनं किट नेलं. मला कोण देणार?" ऑपरेटर मुलगी नवीन होती, कोथरूडची. तिनं आधी मला विचारलं, "चूल वेगळी म्हणजे नवी चूल हवीये का?" मी तिला सांगितलं की एका छपराखाली राहूनही स्वयंपाक वेगळा असणं म्हणजे घर वेगळं, आणि सासू-सून किंवा भाऊ-भाऊ असे राहणं आपल्याकडे घरोघरी आहे. तिनं वाक्य तसंच लिहिलं. मग आम्ही मागचे फोन चाळले. 'चूल', 'येगळं', 'वायलं', 'कार्डात नाव हाय पण' असे शब्द शोधले तर एकट्या त्या गावातून नऊ फोन निघाले. ती नऊ वाक्यं मी बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवली, बाकी काहीच बोलले नाही. पुढच्या वाटपापासून गावातल्या बचत गटाच्या बायकांना बरोबर घेऊन चुलीप्रमाणे यादी झाली. आजींना तिसऱ्या दिवशी त्याच मुलीनं फोन करून किट कधी आणि कुठे मिळेल ते सांगितलं. आजींनी तिचं लग्न झालंय का तेही विचारून घेतलं.

पुण्यात बसून काम करताना भाषेचा प्रश्न वेगळा येतो. तुम्हाला वाटेल मराठी आणि हिंदी येतं म्हणजे झालं. इथल्या बांधकामांवर कलबुर्गी-यादगीरकडची माणसं आहेत, लमाणी बोलणारी आहेत, बिहार-झारखंडची आहेत. २०२० च्या टाळेबंदीत आमच्याकडे सगळ्यात जास्त फोन त्यांचे होते. रेशन कुठे मिळतं, गावाला जायची गाडी कधी आहे, मुकादमानं पैसे दिले नाहीत. तेव्हा आम्ही साइटवरच्याच एखाद्या दुभाष्याला कॉन्फरन्सवर घ्यायचो. यात एक मोठा धोका आहे. दुभाष्या मुकादमाचा नातेवाईक निघाला तर ती बाई काहीच बोलणार नाही. म्हणून दुभाष्या नेहमी दुसऱ्या साइटचा घ्यायचा.

आणि कोण फोन करतंय यापेक्षा कोण करत नाही, याची नोंद ठेवा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत इमारतींमध्ये पाणी शिरलं. पहिल्या दोन दिवसांचे आमचे फोन चाळले तर बहुतेक फ्लॅटमधले आणि बहुतेक पुरुष होते. पार्किंगमधल्या गाड्या, लिफ्ट, मीटर. त्याच इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या बायका, वॉचमनची कुटुंबं, नदीकाठची पत्र्याची घरं, यांचा एक फोन नाही. त्यांचं नुकसान कमी नव्हतं. घरात मोबाइल एक, तो नवऱ्याकडे, आणि नवरा कामावर. शिवाय पाण्यात फोन गेलेला किंवा चार्जिंगला वीज नाही. अशा वेळी टेबल उचलून तिथे जावं लागतं. आम्ही टँकर येतो त्या जागेशेजारी दुपारी एक ते तीन दोघी जणी वही घेऊन बसलो. ती वेळ का, तर सकाळची कामं आटपून बायका तेव्हाच जरा मोकळ्या होतात. पेटी ठेवून उपयोग होत नाही. सगळ्यांच्या देखत पेटीत चिठ्ठी टाकायला कोणी धजत नाही, आणि लिहिता न येणाऱ्याला तर ती नसल्यासारखीच. हंडा भरेपर्यंत उभी असलेली बाई मात्र बोलते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा टांगेवाले कॉलनीसारख्या वस्त्यांमध्ये माणसं गेली. तिथेही लोक आमच्या नंबरवर फार थोडे बोलले, दारात बसल्यावर भरभरून बोलले.

एकतानगरीच्या त्याच दिवसांतला एक फोन सांगते. बहात्तर वर्षांचे गृहस्थ. सुरुवात केली ती १२ जुलै १९६१ पासून. पानशेत धरण फुटलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि ओंकारेश्वराजवळ राहायचे. वडिलांनी काय काय वाचवलं, कोणत्या शाळेत ठेवलं होतं, मग गोखलेनगरला जागा कशी मिळाली, ते आता सिंहगड रोडला कसे आले. अठरा मिनिटं. कॉल सेंटरच्या हिशोबानं हा वाया गेलेला फोन. माझी सहकारी ऐकत राहिली, मधेमधे "हो का", "मग काका?" एवढंच. एकोणिसाव्या मिनिटाला ते म्हणाले, "बरं, ठेवतो. हिचं इन्सुलिन फ्रीजमध्ये होतं, दोन दिवस वीज नाही, ते चालेल का एवढंच विचारायचं होतं. पण तुम्हाला कशाला त्रास." संध्याकाळपर्यंत आमच्या वैद्यकीय टीममधला मुलगा बर्फाच्या डब्यातून नवीन इन्सुलिन घेऊन तिसरा मजला चढला होता. माणसं खरी गोष्ट फोन ठेवता ठेवता सांगतात, विशेषतः ज्यांनी आयुष्यात कधी कोणाकडे काही मागितलेलं नाही ती. त्यामुळे "अजून काही सांगायचंय का?" हे विचारल्यावर चार सेकंद गप्प राहायचं. मनात मोजा, एक ते चार. सुरुवातीला फार अवघड जातं.

निम्मे फोन आपल्या संस्थेबद्दलचे नसतातच. "पंचनाम्याचे पैसे कधी येणार?" हा प्रश्न तुम्ही दिवसातून वीसदा ऐकाल. लोकांना वाटतं आपण सरकारी आहोत. लगेच आणि स्पष्ट सांगायचं की आपण सरकारी नाही, पंचनामा तलाठी आणि तहसील कार्यालयाकडे आहे, आणि जाताना काय कागद न्यायचे. "बघते, विचारून सांगते" असं म्हणून आशा लावायची नाही. तुमच्यासमोर नंबरांचा एक कागद चिकटवलेला असतो: ११२ तातडीचा, १०८ रुग्णवाहिका, १०९८ मुलांसाठी, १८१ महिलांसाठी, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, १४४१६ मानसिक आरोग्यासाठी. हे नंबर दर आठवड्याला स्वतः लावून बघा. आपत्तीत लाइन लागत नाही, किंवा लागते आणि कोणी दुसऱ्याच जिल्ह्यात उचलतं. न लागणारा नंबर देणं म्हणजे बुडत्याला दुसऱ्या काठाकडे बोट दाखवणं.

आता सगळ्यात जड भाग. कधीतरी फोनवर कोणी सांगेल की यादीत नाव घालायला तुमच्याच कार्यकर्त्यानं पैसे मागितले. किंवा त्याहून वाईट, त्यानं एकटीला बोलावलं, नको ते बोलला, हात लावला. मीही असे फोन घेतलेत. त्या क्षणी आपल्याला चौकशी करावीशी वाटते: कधी, कुठे, कोण होतं, तू काय म्हणालीस? अजिबात करायची नाही. तुमचं काम चौकशीचं नाही. तुम्ही खोदून विचारलंत तर तिला ते सगळं दोनदा, तीनदा सांगावं लागतं आणि पुढची चौकशीही बिघडते. ती जेवढं आपणहून सांगेल तेवढं ऐका. "तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत" एवढं म्हणा. आत्ता ती सुरक्षित आहे का, दवाखान्याची गरज आहे का, आणि तिला परत फोन करायचा तर कोणत्या वेळी, कोणत्या नंबरवर, दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचं, एवढंच विचारा. नोंद नेहमीच्या फॉर्ममध्ये करायची नाही, कारण तो फॉर्म पंधरा माणसांना दिसतो. संस्थेत यासाठी नेमलेली एक व्यक्ती असते, तिलाच, चोवीस तासांच्या आत, थेट कळवायचं. मधे आपल्या साहेबांनाही नाही. कधीकधी तक्रार त्याच साखळीतल्या कोणाबद्दल असते.

आणि "कोणाला सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका, ती कितीही रडून म्हणाली तरी. सुरुवातीलाच सांगायचं: "ताई, हे मी सगळ्यांना सांगणार नाही, पण हे बघणारी एक व्यक्ती आहे, तिला मला सांगावं लागेल." अठरा वर्षांखालच्या मुलाचं किंवा मुलीचं प्रकरण असेल तर मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांकडे कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. हे तिला आधी न सांगता नंतर पोलीस दारात गेले तर तिचा तुमच्यावरचा विश्वास तर जातोच, त्या गावात दुसरी कोणी कधी बोलत नाही.

लोकांची माहिती सांभाळणं हा याचाच भाग आहे, म्हणून इथेच सांगते. कोणाचा नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये सेव्ह करायचा नाही, कोणाचं नाव ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं नाही, आधारचा फोटो मागवायचा नाही. ओटीपी तर आपण कधीच विचारत नाही, आणि हे फोन करणाऱ्यालाही सांगत राहायचं, कारण पूर ओसरतो न ओसरतो तोच "तुमची मदत मंजूर झाली, ओटीपी सांगा" म्हणणारे फोन सुरू होतात.

'नाही' सांगण्याबद्दल. नवीन ऑपरेटर यालाच सगळ्यात जास्त घाबरतात. पाच मागण्या आल्या तर कदाचित एक पूर्ण होते. उरलेल्या चौघांना काय सांगायचं? सोपा मार्ग म्हणजे फोनच न करणं, किंवा "प्रोसेसमध्ये आहे" म्हणणं. २०२१ च्या जुलैत महाड-चिपळूणच्या पुरानंतर एका बाईंनी शिलाई मशीन मागितलं होतं. आमच्या त्या वेळच्या निधीत उपजीविकेसाठी काही नव्हतं. मी फोन करून सांगितलं, "मावशी, मशीन आमच्याकडून मिळणार नाही. आमच्याकडे या वेळी फक्त धान्य आणि घरदुरुस्तीचे पैसे आहेत. दुसरी एक संस्था मशीन देतेय, पण ती तुमच्या भागात येईल का ते मला नक्की माहीत नाही. तिचा नंबर देऊ का?" त्या म्हणाल्या, "मिळणार नाही ते नाही, पण तुम्ही फोन तरी केला. मी रोज पिशवी भरून ठेवत होते, बोलावलं तर लगेच निघायला." आठ दिवस त्या बाई पिशवी भरून बसल्या होत्या. तेव्हापासून मी नकाराचे फोन आधी करते. होकाराचा फोन एक दिवस उशिरा गेला तर चालतं.

नकार देताना कारण खरं आणि साधं सांगा. "निकषात बसत नाही" हे वाक्य कोणाला कळत नाही. "या वेळी एकट्या राहणाऱ्या आणि घर पूर्ण पडलेल्यांना आधी देतोय, तुमची एक भिंत पडली आहे" हे कळतं. राग येईल, वाद होईल, पण कळेल. आणि निकष चुकीचा वाटत असेल तर तो राग लिहून वर पाठवा. तोही फीडबॅकच आहे.

झेपेल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. काही गोष्टी ठरवून केल्या तर झेपतं. जड फोन संपल्यावर लगेच दुसरा उचलायचा नाही. दहा मिनिटं खुर्ची सोडायची, पाणी प्यायचं, चालायचं. कोणाचं तरी मूल गेलेलं असतं आणि ते दुःख फोनवर येतं. तेव्हा "समजू शकते" म्हणू नका, तुम्ही समजू शकत नाही. "ऐकतेय" म्हणा. कोणी जिवाचं बरंवाईट करायचं बोललं तर ते टाळून विषय बदलायचा नाही, सरळ विचारायचं: "तुम्हाला जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्यानं विचार बळावत नाही, उलट बोलायला वाट मिळते. फोन चालू ठेवून शेजारच्या सहकाऱ्याला खूण करायची, ती घरातल्या किंवा गावातल्या माणसापर्यंत पोचते, गरज पडली तर ११२ लावते. हे एकटीनं करायचं काम नाही, आणि ज्या संस्थेत ऑपरेटर एकटीच बसते तिथे मी तुम्हाला जाऊ नका म्हणेन. मी २०१९ ला सलग तेवीस दिवस सुट्टी न घेता बसले. चोविसाव्या दिवशी एका बाईवर ओरडले. ती फक्त पत्ता परत सांगत होती. आता आठवड्यातून एक दिवस फोनपासून पूर्ण लांब, हा नियम माझ्या टीममध्ये कोणालाही मोडता येत नाही.

पगाराबद्दल एवढंच की बहुतेक कंत्राटं प्रकल्पाच्या मुदतीपुरती असतात, तीन किंवा सहा महिन्यांची. मुदत संपल्यावर उघड्या राहिलेल्या नोंदींचं काय होणार ते आधीच विचारून घ्या, कारण लोक त्या नंबरवर नंतरही वर्षभर फोन करत राहतात.

मुलाखतीत बहुधा रोल-प्ले करून घेतात: समोरचा रागावलेला माणूस होतो, तुम्ही ऑपरेटर. उत्तर द्यायची घाई करू नका, आधी त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत एकदा परत सांगा. आणि त्यांनी "तुमचे काही प्रश्न?" विचारलं की तुम्हीही दोन विचारा. लोकांच्या सांगण्यावरून तुम्ही शेवटचं काय बदललं? आणि उत्तराचा फोन किती दिवसांत गेला पाहिजे, असं इथे ठरलेलं आहे का? पहिल्याला उदाहरण मिळालं नाही तर ती संस्था फोन फक्त मोजते आहे.

अजून एक करून बघा. त्या संस्थेचा लोकांसाठीचा नंबर असेलच. एखाद्या दुपारी दोनच्या सुमाराला लावा, कुठे आपत्ती चालू नसेल तेव्हा, आणि "हा नंबर किती वाजेपर्यंत चालू असतो?" एवढंच विचारून ठेवून द्या. कितव्या रिंगला उचलतात, आधी तुमचं नाव विचारतात की अडचण, आणि ठेवण्याआधी "अजून काही?" म्हणून थांबतात का, ते ऐका.